घरच्या ड्राफ्ट बिअर यंत्रणेतून गॅस गळतो आहे, पण साबणाच्या पाण्याने काहीच सापडत नाही

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी मावसभावाकडून मिळालेली ड्राफ्ट बिअरची घरगुती यंत्रणा आहे. एका जुन्या फ्रिजच्या दारावर दोन तोट्या बसवलेल्या आहेत, आत 19 लिटरचे दोन बॉल-लॉक केग (दाबाखाली पेय ठेवायची, कनेक्टर दाबून जोडायची स्टीलची पिंपे) राहतात आणि कार्बन डायऑक्साइडचा 2 किलोचा सिलिंडर फ्रिजच्या बाहेर, ड्राय बाल्कनीत उभा असतो. त्यावरच्या रेग्युलेटरपासून (सिलिंडरचा दाब कमी करून पुढे देणारा, दोन गेज असलेला भाग) एक नळी फ्रिजच्या बाजूच्या भोकातून आत येते आणि दोन व्हॉल्व्हच्या मॅनिफोल्डमधून (एका नळीतला गॅस दोन नळ्यांत वाटणाऱ्या जोडातून) दोन्ही केगना जाते. यंत्रणा बिअरसाठीची असली तरी मी तिच्यात सध्या साधा सोडा आणि आले-लिंबाचे पेयच ठेवतो.

अडचण अशी की इथल्या अंबड औद्योगिक वसाहतीतून भरून आणलेला सिलिंडर दहा-बारा दिवसांत पूर्ण रिकामा झाला, आणि तेवढ्या काळात आम्ही सोड्याचा एक केगही संपवलेला नव्हता. भांडी घासायचा लिक्विड साबण पाण्यात मिसळून मी सिलिंडरच्या नटापासून केगच्या झाकणापर्यंत प्रत्येक जोडावर स्प्रे बाटलीने मारला, केग बाहेर ओट्यावर काढून त्यांच्यावरही मारला, पण बुडबुडे कोठेच आले नाहीत. आणखी दोन गोष्टी मला कोड्यात टाकतात. एक म्हणजे सिलिंडरच्या बाजूचा गेज दुपारी 65 बारच्या आसपास असतो आणि पहाटे पाहावे तर 45 वर उतरलेला असतो, म्हणजे गळती रात्री होते असे दिसते. दुसरी म्हणजे ताजे पाणी भरलेला केग जोडून सिलिंडरची चावी रात्रभर बंद ठेवली, तर सकाळी दोन्ही गेज जवळजवळ शून्यावर आलेले असतात. गळती मोठी आहे हे उघड आहे, मग ती दिसत का नाही? शोधण्याची एखादी शिस्तशीर पद्धत असल्यास कृपया सांगावी.

अंबड फिटर

तुमच्या प्रश्नात गळतीची म्हणून जी तीन लक्षणे आहेत, त्यांतली दोन गळतीची नाहीत. ती आधी बाजूला काढू या, कारण त्यांच्या मागे लागलात तर खरी गळती सापडायला फार वेळ लागेल.

भरलेल्या सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग द्रवरूपात असतो आणि वर त्याची वाफ असते. द्रव शिल्लक आहे तोवर वाफेचा दाब केवळ तापमानावर ठरतो, आत दोन किलो आहे की एक किलो याच्याशी त्याचा संबंध नसतो. 10 अंश सेल्सिअसला तो सुमारे 45 बार असतो, 20 अंशांना 57, 25 अंशांना 64 आणि 30 अंशांना 72. नाशिकच्या थंडीत ड्राय बाल्कनीतला सिलिंडर पहाटे 10 अंशांपर्यंत गार होतो आणि दुपारी उन्हाच्या झळीने तापतो. तुमचे 45 आणि 65 हे आकडे म्हणजे हवेचे तापमानच आहे, बारमध्ये लिहिलेले. द्रव संपल्यानंतरच हा काटा खरोखर उतरू लागतो, आणि तेव्हा 2 किलोच्या सिलिंडरमध्ये, 20 अंश तापमान धरले तर, जेमतेम अर्धा किलो किंवा त्याहून किंचित अधिक गॅस उरलेला असतो. म्हणून किती गॅस शिल्लक आहे हे सांगणारे एकच साधन आहे, ते म्हणजे वजनकाटा. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या खांद्यावर ठोकलेले असते. ते एकूण वजनातून वजा करावे. भाजीवाल्याकडे असतो तसा 30 किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा या कामाला पुरतो.

दुसरे लक्षण रात्रभर चावी बंद ठेवण्याचे. केगमध्ये ताजे पाणी होते, म्हणजे त्यात गॅस विरघळलेला नव्हता. थंड पाणी गॅस शोषून घेते आणि तो त्याने शोषावा म्हणूनच आपण ही यंत्रणा घरात ठेवतो. चावी बंद असताना नळीत आणि केगच्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेत उरलेला थोडासा गॅस पाण्याने घेतला आणि काटे खाली आले. यंत्रणा शंभर टक्के घट्ट असती तरी हेच झाले असते. गळतीची चाचणी एक तर रिकाम्या केगवर करावी, नाही तर ज्यातले पेय ठरलेल्या दाबाला पूर्ण मुरलेले आहे अशा केगवर. अर्धवट मुरलेल्या केगवर केलेली चाचणी निरुपयोगी आहे.

उरले तिसरे लक्षण, आणि ते मात्र खरे आहे. हिशोब असा. 19 लिटर पाण्याचा चांगला झणझणीत सोडा करायला सुमारे 150 ग्रॅम गॅस पाण्यात विरघळावा लागतो, आणि तो केग 1.9 बारच्या आसपास दाब ठेवून शेवटच्या ग्लासापर्यंत रिकामा करायला आणखी शंभरेक ग्रॅम लागतो. म्हणजे एका केगला अडीचशे ग्रॅम आणि 2 किलोत आठ केग. बिअरइतका सौम्य फेस हवा असेल तर 0.8 बार पुरतो आणि केगमागे दीडशे-एकशे साठ ग्रॅम खर्च होतात, म्हणजे बारा केग. तुमचा सिलिंडर एका केगमध्येच संपला. याचा अर्थ दिवसाला दीडशे ते दोनशे ग्रॅम गॅस हवेत जात होता. 200 ग्रॅम म्हणजे शंभरावर लिटर वायू, मिनिटाला सुमारे 80 मिलिलिटर. इतक्या वेगाची गळती साबणाच्या पाण्यात लपत नाही, तेथे फेसाचा गठ्ठाच उभा राहतो. शेजारी फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद असेल तर ती कानालाही ऐकू यावी.

यावरून माझा तर्क असा की तुम्ही साबण मारला तेव्हा ही गळती चालूच नव्हती. ती कोणत्या तरी विशिष्ट स्थितीतच होते. केग जागेवर असताना, फ्रिज गार असताना किंवा दार लावलेले असताना. केग बाहेर ओट्यावर काढून केलेली तपासणी म्हणूनच कोरी गेली असावी.

अंबड फिटर

वरचे उत्तर लांबल्यामुळे शोधण्याची पद्धत वेगळी लिहितो.

संपूर्ण यंत्रणा एकदम तपासू नये. तिचे तुकडे पाडावेत आणि सिलिंडरकडून तोटीकडे जावे. यामागचे कारण बहुतेक जण लक्षात घेत नाहीत. जितकी बंदिस्त जागा लहान, तितकी गळती गेजवर लवकर दिसते. रेग्युलेटरच्या उच्च दाबाच्या बाजूला जेमतेम काही मिलिलिटर जागा असते, त्यामुळे तेथला काटा बारीकशा गळतीनेही तासाभरात हलतो. त्याच यंत्रणेला 19 लिटरचा रिकामा केग जोडला, तर दिवसाला एक लिटर गॅस जात असूनही दाब दिवसभरात फक्त 0.05 बारने उतरेल, आणि तो फरक आपल्या गेजवर वाचताही येणार नाही. म्हणून केग सर्वांत शेवटी जोडायचा.

प्रथम सिलिंडर एकटा घ्या. रेग्युलेटर काढा, चावी बंद करा, वजन करून लिहून ठेवा आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा करा. वजन घटले तर व्हॉल्व्हच गळतो आहे, आणि ते काम घरी करायचे नाही, सिलिंडर भरणाऱ्याकडे परत द्यायचा. वजन तेवढेच राहिले तर रेग्युलेटर लावा, त्याच्या बाहेरच्या तोंडाचा शट-ऑफ व्हॉल्व्ह बंद ठेवा, सिलिंडर पूर्ण उघडा, मिनिटभराने बंद करा आणि उच्च दाबाचा काटा कोठे आहे त्यावर मार्करने खूण करा. तासाभराने तो खाली आला असेल, तर गळती सिलिंडरचा नट, अॅडॅप्टर, गेजचे जोड किंवा रेग्युलेटरचे शरीर यांतच आहे. या चाचणीच्या वेळी सिलिंडर उन्हात नसावा, नाही तर पुन्हा तापमानच मोजत बसाल. कमी दाबाचा काटा आपोआप वर चढू लागला तर रेग्युलेटरच्या आतली सीट झिजलेली आहे. असा रेग्युलेटर शेवटी सेफ्टी व्हॉल्व्हमधून गॅस सोडतो, आणि बाहेरच्या जोडांना कितीही साबण लावला तरी तो दोष दिसत नाही.

सिलिंडरच्या चावीच्या दांड्याभोवती साबण मारायचा तो चावी उघडी असताना. बंद चावीवर तेथली गळती दिसत नाही. चावी वापरताना पूर्ण उघडावी, अर्धवट ठेवू नये.

यानंतर मॅनिफोल्डपर्यंतची नळी जोडा, मॅनिफोल्डचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि तीच चाचणी करा. मग एकेक व्हॉल्व्ह उघडून पुढची नळी घ्या, तिच्या टोकाला केगचे कनेक्टर लावलेले असू द्या, पण ते केगवर बसवू नका. प्रत्येक टप्प्यावर एकच नवा भाग जोडला जातो, त्यामुळे काटा पडला तर दोषी कोण हे विचारावे लागत नाही. तुमच्या गळतीचा वेग पाहता त्या टप्प्यावर काटा काही मिनिटांतच खाली येईल.

आता जोडांविषयी. आमच्या कामात निम्म्या गळत्या टेफलॉन टेप चुकीच्या जागी गुंडाळल्यामुळे झालेल्या असतात. टेप फक्त निमुळत्या आट्यांवर लावायची असते, जिथे आटेच सील करतात. सिलिंडरच्या नटात चपटा वॉशर सील करतो आणि फ्लेअर नटात दोन शंकूंचे तोंड सील करते. तेथे टेप लावली की नट पुरता बसत नाही आणि उलट गळतो. वॉशर नायलॉनचा असेल तर सिलिंडर बदलताना तोही बदलावा, एकदा दाबला गेलेला वॉशर दुसऱ्या तोंडावर नीट बसेलच असे नाही. तुमचा रेग्युलेटर परदेशातून आलेला असेल, तर त्याचे आटे अमेरिकन मापाचे, म्हणजे एनपीटी असण्याची शक्यता आहे. सातपूर-अंबडच्या दुकानांत मिळणारी न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांची) फिटिंग बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाच्या आट्यांची असतात. पाव इंचात एनपीटीला इंचाला 18 आटे असतात आणि बीएसपीला 19. दोन फेरे सहज बसते, मग अडकते, आणि माणूस पाना लावून ते आवळतो. त्या जोडावर टेपचे पूर्ण रीळ गुंडाळले तरी तो कधी ना कधी गळणारच.

तसेच नळीचे. पाण्याच्या आरओ मशीनची नळी पाव इंचाची, म्हणजे 6.35 मिलिमीटरची असते, आणि न्यूमॅटिकची 6 मिलिमीटरची. दोन्ही हातात घेतल्या तर सारख्याच वाटतात. 6 मिलिमीटरची नळी पाव इंचाच्या पुश फिटिंगमध्ये (नळी नुसती दाबून बसवायच्या जोडात) बसतेही आणि ओढून निघतही नाही, पण आतली ओ-रिंग (सील करणारी रबरी कडी) तिला पुरती धरत नाही. सरळ असताना ती गळत नाही, बाजूने जरा ताण आला की गळते. याउलट 5/16 इंच म्हणजे 7.94 मिलिमीटर, त्यामुळे 8 मिलिमीटरची नळी तेथे बिनघोर चालते. तुमच्याकडे कोणती नळी आणि कोणते फिटिंग आहे ते व्हर्नियरने मोजून कृपया येथे लिहा.

द्राक्षमळा

मी वाइनरीत तळघराचे काम पाहतो. आमच्याकडेही टाक्यांवर कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन लागतो, त्यामुळे या विषयाशी रोजचा संबंध आहे. वरच्या पद्धतीशी मी सहमत आहे, फक्त केगविषयी थोडी भर घालतो, कारण घरगुती यंत्रणेत सर्वांत जास्त ओ-रिंगा तेथेच असतात.

बॉल-लॉक केगच्या लंबगोल झाकणाची मोठी ओ-रिंग कमी दाबाला नीट बसत नाही. दाब वाढला की तो स्वतःच झाकणाला आतून वर ढकलून घट्ट करतो. म्हणून रिकामा केग जोडला की आधी 2 बार दाब द्यावा, झाकण बसल्याचा हलका आवाज येतो, मग दाब नेहमीच्या पातळीवर आणावा. तरीही झाकण फुसफुसत असेल तर दाब सोडून ते उलट दिशेने फिरवून बसवावे, कारण जुन्या केगचे तोंड एका बाजूला किंचित चेपलेले असू शकते. ओ-रिंगला फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. घरात सहज सापडते म्हणून व्हॅसलीन लावू नये, पेट्रोलियम जेलीमुळे अनेक प्रकारचे रबर फुगते आणि मऊ पडते.

झाकणाखेरीज चार जागा आहेत. दोन पोस्टच्या (केगवरच्या गॅस आणि पेयाच्या तोंडांच्या) बाहेरच्या ओ-रिंगा, पोस्टच्या आतले स्प्रिंगवाले पॉपेट (छोट्या झडपा), पोस्टखाली लपलेल्या डिप ट्यूबच्या (केगच्या आत उतरणाऱ्या नळ्यांच्या) ओ-रिंगा आणि झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. बाहेरच्या ओ-रिंगची गळती कनेक्टर लावलेला असतानाच होते आणि पॉपेटची कनेक्टर काढल्यावर. त्यामुळे पोस्टवर साबण दोन्ही स्थितींत मारायला हवा. गॅसचा कनेक्टर चुकून पेयाच्या पोस्टवर दाबून बसवलेला नाही ना, हेही पाहा. गॅसच्या पोस्टच्या षटकोनी कडेवर खाचा असतात आणि त्याचा कनेक्टर बहुधा राखाडी असतो, पेयाचा काळा.

साबणापेक्षा मला पाण्याची बादली अधिक भरवशाची वाटते. केगला दाब देऊन, कनेक्टर काढून, तो मोठ्या टबात उलटा करून डोक्याचा भाग पाण्यात बुडवावा आणि पाच मिनिटे हालचाल न करता पाहावे. अगदी मिनिटाला एक बुडबुडा असला तरी दिसतो. मॅनिफोल्ड आणि नळ्याही अशाच तपासता येतात.

अंबड फिटर

बादलीचा उपाय उत्तम आहे, पण रेग्युलेटर आणि गेज पाण्यात बुडवू नका. गेजच्या डबीत आणि रेग्युलेटरच्या वरच्या टोपीत पाणी शिरते आणि स्प्रिंग गंजते. त्या भागाला ब्रशने साबणच लावा आणि नंतर ओल्या फडक्याने पुसून काढा, पितळेवर साबण वाळू देऊ नये.

शंकासुर

एक वेगळी शंका. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडे गळती शोधायचे इलेक्ट्रॉनिक यंत्र असते, ते आणून फिरवले तर एवढा खटाटोप कशाला? आणि स्वयंपाकाच्या गॅसचे अलार्म मिळतात, त्यातला एक फ्रिजमध्ये ठेवला तर?

अंबड फिटर

दोन्हींचा येथे उपयोग नाही. फ्रिजवाल्याचे यंत्र फ्रिजमधल्या शीतक वायूंसाठी बनवलेले असते आणि स्वयंपाकाच्या गॅसचा अलार्म ज्वलनशील वायू ओळखतो. कार्बन डायऑक्साइड या दोन्ही प्रकारांत बसत नाही. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळतात म्हणून तो नाकाला कळतो, या गॅसला वासही नाही. इन्फ्रारेड पद्धतीने कार्बन डायऑक्साइड मोजणारे मीटर बाजारात मिळतात, पण ते हवा आत घेऊन आकडा दाखवायला वेळ लावतात, त्यामुळे नेमका जोड शोधायला गैरसोयीचे आहेत. खोलीतल्या सुरक्षिततेसाठी मात्र ते जरूर घ्यावे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने तपासणी केली, तिचा वृत्तान्त देतो.

नवा भरलेला सिलिंडर चावी बंद ठेवून दोन वेळा तोलला, वजनात फरक नाही. रेग्युलेटरपर्यंतचा टप्पा घट्ट निघाला, मॅनिफोल्डपर्यंतची नळीही. डाव्या केगची नळी ठीक. उजव्या केगची नळी फ्रिजबाहेर सरळ धरून तपासली तर तीही ठीक. मग रिकामे केग जागेवर ठेवून दोन्ही जोडले, 2 बार दाब देऊन झाकणे बसवली, नियमित दाबावर आणले आणि सिलिंडर बंद केला. दार उघडे असताना काटा तासभर जागचा हलला नाही. त्याच स्थितीत दार लावले आणि बाल्कनीत जाऊन गेजपाशी उभा राहिलो, तर उच्च दाबाचा काटा डोळ्यांदेखत उतरू लागला. दार उघडले की थांबतो, लावले की पुन्हा उतरतो.

कारण असे निघाले की आमच्या फ्रिजमध्ये खाली मागच्या बाजूला कॉम्प्रेसरचा उंचवटा आहे आणि उजवा केग त्याला टेकून उभा असतो. दार लावताना दारामागची पेयाची नळी केगला किंचित मागे ढकलते, आणि केगच्या डोक्यामागून जाणारी गॅसची नळी मागच्या भिंतीवर दाबली जाते. त्या नळीच्या टोकाला कोपऱ्याचे पुश फिटिंग आहे. व्हर्नियरने मोजले, नळी 6 मिलिमीटर आणि फिटिंग पाव इंचाचे. यंत्रणा नाशिकला बसवली तेव्हा एवढीच एक नळी तोकडी पडल्यामुळे नवी घातली गेली होती, बाकीच्या सर्व नळ्या 8 मिलिमीटरच्या आहेत.

केगमागच्या त्या फिटिंगवर साबण मारून, दार एका बोटाच्या फटीपर्यंत आणून टॉर्चने पाहिले तेव्हा फेस मुठीएवढा जमला. आता तेथे 8 मिलिमीटरची नळी आणि 5/16 इंचाचे फिटिंग बसवले आहे, नळीला मोठा वळसा दिला आहे आणि केग जरा पुढे घेतला आहे. दार लावून काटा रात्रभर स्थिर राहिला, पहाटे थोडा खाली होता आणि दुपारी पुन्हा पूर्वीच्या जागी आला.

एक शेवटचा प्रश्न. उन्हाळ्यात ड्राय बाल्कनीत दुपारभर ऊन येते. तेव्हा सिलिंडर घरातल्या कोठीच्या खोलीत हलवावा काय? खोली साधारण दहा फूट लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच आहे, खिडकी नाही.

अंबड फिटर

पहाटेचा तो फरक रेग्युलेटरमध्ये अडकलेल्या गॅसच्या तापमानाचा आहे, तिकडे लक्ष देऊ नका. त्या फिटिंगला मात्र नळी नव्याने घालताना तिचे टोक काटकोनात आणि स्वच्छ कापलेले असावे. कात्रीने तिरके कापलेले टोक आतल्या ओ-रिंगला ओरखडते, आणि मग योग्य मापाची नळीही गळते. घातल्यावर एकदा ओढून पाहा आणि ती तळापर्यंत गेली आहे याची खूण करा.

कोठीच्या खोलीला माझा स्पष्ट नकार आहे. 2 किलो गॅस म्हणजे सुमारे 1.1 घनमीटर वायू, आणि तुमची खोली 28 घनमीटरची. एखादा वॉशर फाटून सगळा सिलिंडर तेथे रिकामा झाला तर हवेत 4 टक्के कार्बन डायऑक्साइड होईल. मोकळ्या हवेत तो 0.04 टक्क्याच्या आसपास असतो, कामाच्या जागी आठ तासांसाठी 0.5 टक्का ही मर्यादा मानतात, आणि 4 टक्के ही जिवाला तत्काळ धोका समजली जाणारी पातळी आहे. शिवाय हा वायू हवेच्या दीडपट जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, तेथे तो आणखी दाट असेल, आणि खाली वाकून काही शोधणाऱ्याला वासाने सूचनाही मिळणार नाही.

ऊन हीही खरी अडचण आहे. 31 अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि त्यानंतर दाब किती चढेल हे सिलिंडर किती भरला आहे यावर ठरते. प्रमाणापेक्षा जास्त भरलेला सिलिंडर नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात ठेवला तर त्याची सेफ्टी डिस्क फुटून सगळा गॅस एकदम बाहेर येऊ शकतो. म्हणून बाल्कनीतच, पण सावलीच्या कोपऱ्यात, उभा आणि साखळीने बांधलेला ठेवा. आडवा ठेवल्यास द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. बाल्कनीच्या त्या बाजूला बांबूची चटई लावली तरी काम भागेल. भरून आणताना खांद्यावरची शेवटच्या हायड्रो चाचणीची (पाण्याच्या दाबाने सिलिंडर तपासण्याची) तारीख पाहावी. पाच वर्षे उलटून गेली असतील तर भरणाऱ्याने चाचणी केल्याखेरीज तो भरू नये.

आणि भरणारा बदली सिलिंडर म्हणून जुन्या अग्निशामकाचा देत असेल तर घेऊ नका. त्याच्या आत तळापर्यंत जाणारी नळी असते, ती वाफेऐवजी द्रव वर आणते.

द्राक्षमळा

एक सूचना, विषयाला धरून आहे म्हणून. पुढेमागे या यंत्रणेत घरीच केलेली बिअर भरण्याचा विचार असेल, तर महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय ती तयार करणे गुन्हा आहे. सोडा, आले-लिंबू आणि हंगामात द्राक्षाचा ताजा रस यांना तशी अडचण नाही. रस भरणार असाल तर केग सतत 4 अंशांच्या आसपास ठेवा, कारण द्राक्षाच्या सालीवरचे यीस्ट उबेत कामाला लागते आणि ते स्वतःच गॅस तयार करते. मग कमी दाबाचा काटा गळतीच्या उलट दिशेने, वर जाताना दिसेल. रसाच्या केगच्या गॅसच्या नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्यावा, म्हणजे फुगलेला रस रेग्युलेटरपर्यंत मागे येणार नाही.

गोदाकाठ

सिलिंडर बाल्कनीतच, धुण्याच्या मशीनमागच्या सावलीत साखळीने बांधला आहे. खांद्यावरची तारीख पाहिली, चाचणीला अजून अवधी आहे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह 8 मिलिमीटरचाच मागवला आहे.